एका डोक्याची दोन मापं

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून 'थापा' म्हणायला कुणी मोकळं राहत नाही. पण याच रस्त्यावर एक डोकं असं होतं, की घरातून निघताना त्याचं माप एक असायचं आणि पूल ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरलं, की ते दोन सेंटीमीटरनं वाढलेलं असायचं. घरी परतलं, की पुन्हा जैसे थे. हे खोटं असेल तर या केशकर्तनालयाचं छप्पर आत्ता कोसळो. बाकावरच्यांनी हसायचं तर हसून घ्यावं. खुर्चीत बसलेल्यानं मात्र हसू नये, त्याच्या मानेवर वस्तरा आहे. आणि पेपर कुणाला हवा असेल तर त्यानं तिकडचा घ्यावा. बाकावरचा हा पेपर गुंतलेला आहे.

डोकं होतं शिंपीमास्तरांचं. मास्तरांना कोण ओळखत नाही? अर्ध्या रस्त्याच्या अंगावर त्यांनीच शिवलेला सदरा. तोंडात टाचण्या, खिशात खडू, गळ्यात टेप. टेप त्यांच्या उस्तादांनी दिलेली, कापडी, पिवळी पडलेली. पण मास्तर तिला पोटच्या पोरीसारखं जपत. दुकान बंद करताना ती खिळ्याला टांगायची, आणि तिला गुंडाळी पडू नये म्हणून खालच्या पितळी टोकाला ती मोठी लोखंडी कात्री अडकवून ठेवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. सकाळी टेप कशी, सुतासारखी सरळ. वस्तूला जपलं की वस्तू आपल्याला जपते, असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत.

दुसरा नेम सगळ्याच जुन्या शिंप्यांचा. दुसऱ्याच्या दुकानात पाऊल टाकलं, की आपली टेप गळ्यातून काढून खिशात घालायची, आणि आपल्या दुकानात दुसऱ्याची टेप उघडू द्यायची नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा एका दुकानात दोन टेपा नांदत नाहीत. मास्तरांनी हा नेम उभ्या जन्मात मोडला नव्हता.

तर झालं असं, की महिन्यापूर्वी वळणावर एक मांजर त्यांच्या सायकलीला आडवं गेलं. मांजर वाचलं, मास्तर पडले. डोकं फुटपाथच्या कडेला घासलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं. मास्तरांनी ते टोपीखाली दडवलं, पण टोपीलाच शिखर आल्यावर लपणार काय? मास्तरीणबाईंनी सायकलीच्या कुलपाची किल्ली उचलली आणि मिठाच्या बरणीत पुरली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डोक्याला नीट बसणारं हेल्मेट आणा, नाहीतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी सायकल माझ्या भावाला देऊन टाकते. 'नीट बसणारं' म्हणजे कसं, तेही त्यांनीच ठरवलं. हेल्मेट घालून त्यांच्यापुढे उभं राहायचं, मान बैलासारखी हलवायची, मग जमिनीवर पडलेली सुई शोधतो तसं वाकायचं. हेल्मेट जागचं हललं की नापास.

सायकल म्हणजे मास्तरांचे पाय होते. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, बाळंतिणी, ज्यांना जिना उतरवत नाही अशी गिऱ्हाइकं, या सगळ्यांच्या घरी जाऊन ते माप घ्यायचे. पलीकडच्या तयार कपड्यांच्या दुकानाला त्यांनी टक्कर दिली ती याच जोरावर. पायी जायचं तर गुडघे दुसऱ्याच कोपऱ्यावर संप पुकारत. सायकल गेली म्हणजे निम्मं दुकान गेलं, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

आणि मेहुणा? मेहुण्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. पण तो माणूस म्हणजे निव्वळ सोनं. सायकलीचा त्याला काडीचाही लोभ नव्हता. तो रोज यायचा, चाकांत हवा भरायचा, घंटी वाजते ना ते बघायचा, सीट आपल्या उंचीला कशी येते तेवढं अजमावायचा, आणि ताईच्या हातचा चहा पिऊन जायचा. त्याच्यात खोट एकच, तीही त्याची नव्हे. मास्तरांनी शिवलेली त्याची विजार कायम पायघोळ व्हायची. माप द्यायला तो उभाच राहत नसे, गुदगुल्या होतात म्हणून. घरी बायकोच्या टेपेनं मोजून नुसते आकडे सांगायचा. मास्तर बरोब्बर तेवढंच कापायचे, आणि विजार टाचेखाली लोळायची. हा माणूस स्वतःच्या उंचीबद्दलसुद्धा खोटं बोलतो, असं मास्तर चारचौघांत म्हणत. सोन्यासारख्या माणसाला तेही ऐकून घ्यावं लागे.

टेंगूळ उतरल्यावर मास्तरांनी आरशासमोर उभं राहून डोक्याला टेप लावली. भुवयांच्या वर, कानांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून पुन्हा पुढे. छप्पन्न. सूतभर इकडे नाही की तिकडे. मग पायी पुलाकडे निघाले, दोनदा कठड्याला टेकून गुडघ्यांची समजूत काढली, आणि सायकलींच्या दुकानाच्या पायरीवर नेमाप्रमाणे टेप खिशात घातली.

आत हेल्मेटवाली बाई. वयानं मास्तरांच्या लेकीएवढी. भिंतीवर हेल्मेटं अशी टांगलेली, की जणू वेलीला भोपळे लागलेत. तिनं माप घेऊ का म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, आपण माप घेतो, देत नाही; छप्पन्नचं काढा. तिनं काढलं. ते मोठ्या पातेल्यावर लहान झाकण ठेवावं तसं त्यांच्या टाळूवर जाऊन बसलं आणि कानशिलं ठणकायला लागली. काका, लहान होतंय, असं ती म्हणाली. नवं कापड सुरुवातीला अंगाला लागतंच, वापरलं की सैल पडतं, असं मास्तरांनी तिलाच समजावलं. हे कापड नाही, एवढं ती म्हणाली खरी, पण तोवर मास्तर पायरी उतरले होते.

घरी परीक्षा झाली. मास्तरांनी मान हलवली मात्र, बाटलीचं बूच उडावं तसं हेल्मेट टपकन उडालं, पाण्याच्या बादलीत पडलं आणि होडीसारखं तरंगायला लागलं. मेहुणा हवा भरत होता, त्याचा पंप थांबला.

"दाजी, घाई करू नका," तो म्हणाला. "रविवार अजून लांब आहे."

केवढी ही माया!

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा पुलापलीकडे. या खेपेला बाईनं ऐकलं नाही. स्टुलावर बसवलं, आपली टेप काढली, डोक्याभोवती फिरवली आणि अठ्ठावन्न म्हणाली. मास्तर म्हणाले, काल तर छप्पन्न होतं. ती म्हणाली, आज अठ्ठावन्न आहे. तिनं छप्पन्नचं परत ठेवून घेतलं आणि अठ्ठावन्नचं हातात दिलं. मास्तर भांबावले. परक्याच्या दुकानात खिशातली टेप काढून भांडायची सोय नव्हती, म्हणून हेल्मेट काखेत मारून निघाले. घरी येऊन दार लावून घेतलं आणि टेप लावली. छप्पन्न. टेप उलटी धरली, छप्पन्न. डोळे मिटून मोजली, उघडल्यावर छप्पन्न. मास्तर मटकन मशीनपुढे बसले.

आता डोकं छप्पन्नचं आणि हेल्मेट अठ्ठावन्नचं, म्हणजे मध्ये दोन सेंटीमीटर मोकळी. मोकळी जागा दिसली की शिंप्याचे हात शिवशिवतात. त्यांनी स्पंजाची पट्टी कापली, वर मऊ कापड घातलं आणि हेल्मेटला आतून सुबक अस्तर टाचलं. टाके असे सरळ, की जणू आरशात बघून पाडलेला भांग. घालून बघतात तर हेल्मेट पुन्हा टाळूवर चढलेलं. परीक्षेत सुई शोधायला वाकले, तर ते तिथून घसरलं ते थेट डोळ्यांवर येऊन थांबलं, आणि मास्तरांनी कपाटाकडे तोंड करून विचारलं, "अगं, आता बसलं का?" कपाट काही बोललं नाही. मास्तरीणबाई मात्र पुष्कळ बोलल्या. तिकडे मेहुण्यानं पाना काढला आणि सीट आपल्या मापानं दोन बोटं खाली घेतली. गंजू नये म्हणून हो, दुसरं काय!

मग मास्तरांची जी दाणादाण उडाली, ती बघवत नव्हती. डोकं घरी लहान आणि दुकानात मोठं, याला काहीतरी कारण हवंच. जेवणानं फुगत असेल म्हणून ते उपाशी गेले. बाईच्या टेपेवर अठ्ठावन्न, वर भुकेनं चक्कर. केसांनी फसवलं असेल म्हणून केस बारीक करून घेतले, इथेच, याच खुर्चीत; कारागीर साक्षीला आहेत. केस गेले, अठ्ठावन्न राहिले. लोखंड उन्हात फुगतं, तसं डोकं फुगत असेल म्हणून टाळूवर ओला रुमाल ठेवून छत्रीखालून गेले. बाईनं रुमाल काढून पिळला, मोजलं, अठ्ठावन्न.

मास्तरीणबाईंचं निदान वेगळं होतं. त्या म्हणाल्या, घरी तुम्हाला कुणी विचारत नाही म्हणून डोकं जागेवर असतं; बाहेर कुणी 'काका, काका' केलं की फुगता. मास्तरांनी तेही मनावर घेतलं. निघण्याआधी बायकोकडून यथासांग बोलणी खाल्ली. बाईंनीही हात आखडता घेतला नाही, लग्नापासूनचा हिशेब काढला. मास्तर खाली मान घालून पुलापलीकडे गेले. अठ्ठावन्न.

शेवटी त्यांनी ठरवलं, की डोकं नेमकं कुठे वाढतं ते पकडायचंच. टपालपेटीपाशी थांबून टेप लावली, छप्पन्न. पुलाच्या मध्यावर छप्पन्न. मागून येणारी माणसं वाट सोडून चालू लागली. दुकानाच्या पायरीवर उभं राहून मोजलं, छप्पन्न. टेप खिशात घालून उंबरा ओलांडला, स्टुलावर बसले. बाईची टेप म्हणाली, अठ्ठावन्न. म्हणजे वाढतं ते उंबऱ्यावर! मास्तर एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उंबऱ्यातच उभे राहिले, आणि अर्धं डोकं मोठं झालंय का ते दोन्ही हातांनी चाचपू लागले. डाव्या बाजूला जरा जड लागलं, असं त्यांनी नंतर घरी शपथेवर सांगितलं.

"काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?" हेल्मेटवालीनं विचारलं.

मास्तरांना काय वाटत होतं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. सगळ्या जन्मात त्यांनी हजारो अंगं मोजली. ढेरपोटं मोजली, कुबडं मोजली, श्वास रोखून पोट आत ओढणारे नवरदेव मोजले. अंग कधी फसवत नाही यावर त्यांचा धंदा उभा. आणि आता स्वतःच्याच डोक्याचा भरवसा उरला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाची कंबर चार वेळा मोजली, आणि पाचव्यांदा मोजायला टेप उचलली.

मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्या म्हणाल्या, बोलवा त्या बाईला इथे, तिच्या टेपेसकट.

"या दुकानात? दुसऱ्याची टेप?" मास्तर म्हणाले. "अगं, उस्तादांना काय वाटेल?"

"उस्ताद जाऊन किती वर्षं झाली. सायकल अजून आहे. तीसुद्धा रविवारपर्यंत."

मास्तर उठले, खिळ्यावरची टेप काढून गळ्यात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, बोलाव.

शनिवारी आपलं दुकान लवकर बंद करून हेल्मेटवाली आली. तिलाही आता झोप लागत नव्हती म्हणे. डोकं बघून माप सांगणारी बाई ती, आणि तिच्या टेपेवर कुणीतरी संशय घेतलेला. मेहुणा दारात होताच. तो काही बघायला आला नव्हता, घंटीला तेल घालत होता.

मास्तर खुर्चीत बसले. बाईनं मोजलं, अठ्ठावन्न. ती बाजूला झाली, मास्तरांनी मोजलं, छप्पन्न. तीच खुर्ची, तेच डोकं. तिनं पुन्हा मोजलं, त्यांनी पुन्हा मोजलं. ना पूल, ना ऊन, ना उंबरा. एकाच डोक्याची दोन मापं, एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत उभी. मास्तरांना घाम फुटला. डोकं घरी एक आणि बाहेर एक होतं तोवर निदान त्यात काही शिस्त होती!

मास्तरीणबाईंनी दोघांच्या हातांतून दोन्ही टेपा काढून घेतल्या. कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, शून्याशी शून्य जुळवून दोन्हींच्या टोकांत मिळून एक टाचणी मारली, आणि तळव्यानं सपाट करत करत त्या पुढे सरकल्या. दहापर्यंत दोन्ही बहिणी बहिणी. विसापाशी कुरबुर. आणि शेवटी मास्तरांचा छप्पन्न आणि बाईचा अठ्ठावन्न एका रेषेत येऊन उभे राहिले.

मास्तरीणबाईंनी मान वर करून भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, मग त्या लोखंडी कात्रीकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे.

"रोज रात्री फाशी देत होतात हो तिला," त्या म्हणाल्या.

मास्तर खिडकीशी गेले. समोरून पोस्टमन चालला होता, त्यांच्या सदऱ्यात. शाळेच्या बाई चालल्या होत्या, त्यांनी शिवलेल्या पोलक्यात. कुणाचं खांद्यात ओढत नव्हतं, कुणाचं काखेत सुटत नव्हतं. टेप खोटी, तर हे सगळं खरं कसं? ते वळले, आणि त्यांचा चेहरा असा होता, की हेल्मेटवालीलाच गलबलून आलं.

"काका, ज्या टेपेनं मोजलंत, तिनंच कापलंत," ती म्हणाली. "दोन्हीकडे सारखीच लांबलेली, मग बिघडणार काय? आकडा दुकानाबाहेर गेला, तेव्हाच घोळ झाला."

बाहेर गेला तेव्हा, आणि बाहेरून आला तेव्हा. बाहेरून आकडे घेऊन येणारं गिऱ्हाईक जगात एकच होतं. सगळ्यांची नजर हळूहळू दाराकडे वळली आणि मेहुण्याच्या पायघोळ विजारीवर येऊन थांबली. त्या सोन्यासारख्या माणसानं विजार घोट्यापर्यंत दुमडली. इतकी वर्षं तो खोटं बोलत नव्हता, हे एकदाचं सिद्ध झालं. हे नीट ध्यानात ठेवा, पुन्हा सांगणार नाही.

मग मास्तरांनी स्वतःच्या हातानं ते सुबक अस्तर उसवलं. जीव तुटत होता, पण उसवलं. हेल्मेटवालीनं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं. मास्तर सवयीनं ते टोपीसारखं मागे सारायला गेले, तिनं हात धरला. सरळ ठेवायचं, भुवईच्या वर दोन बोटं, जास्त नाही. मागची चकती फिरवून घट्ट केलं. पट्ट्या कानाखाली जुळवल्या, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी ढील ठेवली. ढील म्हटल्यावर मास्तरांचे डोळे चमकले. एवढी एकच गोष्ट त्यांच्या धंद्यातली निघाली.

रविवारी परीक्षा. मेहुणा भांग पाडून आला होता, पायी. जाताना पायी जायचा त्याचा विचार दिसत नव्हता, असं लोक म्हणतात, लोकांचं काय! मास्तरांनी मान हलवली, बैलानं माशी हाकलावी तशी. हेल्मेट गप्प. वाकून सुई शोधली, आणि खरंच एक सापडली. हेल्मेट गप्प. तेव्हा मास्तरीणबाईंनी दोन्ही हातांनी ते धरून पुढे-मागे ढकललं. मास्तरांच्या भुवया वरखाली झाल्या, कपाळाची कातडी सरकली, पण हेल्मेट डोक्याला सोडेना. बाईंनी बरणीत हात घातला, किल्ली काढली, मीठ झटकलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

मास्तर सायकलीवर बसले. सीट खाली गेल्यानं गुडघे हनुवटीला लागले, तरी ते थांबले नाहीत. सुसाट गेले, आणि पुलाच्या उतारावर सायकल चक्क जमिनीपासून हातभर वर उचलली गेली, हे बघणारी निदान दहा माणसं आहेत.

तेव्हापासून सायकल एक दिवसही मास्तरांच्या हातून सुटलेली नाही. आत्ता या घडीलासुद्धा ते पुलापलीकडे कुणाचं तरी माप घ्यायला सायकलीवरून गेले असतील, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात नवी टेप. आणि मेहुण्याचं म्हणाल, तर त्यानं त्या सायकलीला पुन्हा बोटसुद्धा लावलेलं नाही.

खुर्चीमागची कात्री थांबली. कारागिरानं तिच्यावरचे केस फुंकले आणि मागे न बघताच आरशातून बाकाकडे पाहिलं.

"मेहुणेबुवा," तो म्हणाला, "डोकं उंबऱ्यावर फुगलं, ते मानलं. सायकल हातभर उडाली, तेही मानलं. पण तुम्ही यायच्या आधी मास्तर गुडघा धरत पायी आले होते इथे, सायकल कुणी नेली म्हणून विचारत. आणि तुमच्या विजारीच्या टोकाला साखळीचं काळं तेल अजून ओलं आहे. आता तो गुंतलेला पेपर उचला, त्याखालचं हेल्मेट डोक्यावर घाला, आणि जरा मान हलवून दाखवा."